आधी पेज, मग कॅलरी

मी मालवणातून बोलतेय. आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनातला: वजन उतरवायचंय, तर आधी मेटाबॉलिझम 'दुरुस्त' करायचा, की थेट कॅलरी कमी करायच्या?

माझंच सांगते. गेल्या वर्षी चार महिने मी दिवसाला जेमतेम ९०० कॅलरींवर होते. सकाळची उकड्या तांदळाची पेज बंद, भाकरी बंद. आई म्हणायची, "खा गो चेडवा, पेज तरी खा." वजन उतरलं, मग अडकलं. भर मे महिन्यात मला थंडी वाजायची. केस गळले, पाळी थांबली.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. २४ आठवडे अर्धपोटी राहिल्यावर त्यांनाही थंडी वाजायची, नाडी मंदावली होती. म्हणजे मेटाबॉलिझम 'मोडत' नाही. अन्न तुटलं की शरीर खर्च आवरतं, पुरेसं मिळालं की हळूहळू सावरतं.

म्हणून आधी स्वतःकडे बघा. पाळी थांबलीय, सतत थंडी वाजते, चक्कर येते? मग डाएट थांबवा, डॉक्टरांना दाखवा, नीट जेवा. मी तेच केलं. पेज, बांगडा, भाकरी सगळं परत सुरू. दोन किलो वाढले तेव्हा रडले, पण तिसऱ्या महिन्यात पाळी आली.

असं काहीच नसेल, तर वाट बघत बसू नका. रोजच्या गरजेपेक्षा ३००-५०० कॅलरी कमी, मासे-डाळ व्यवस्थित आणि थोडा व्यायाम. बस्स.

आणि हो, आईची पेज सोडू नका!