ऑल्ट-टॅबने घात केला! लॅपटॉपवरच्या खिडक्या कशा सांभाळायच्या?



तुमच्यापैकी बरेच जण हे फोनवर ऐकताय, हे मला माहीत आहे. कुणी बसमध्ये असेल, कुणी जिममध्ये. आणि मी आज बोलणार आहे लॅपटॉपबद्दल. पण थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. आज ना उद्या तुम्हाला कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा पहिल्या नोकरीत कॉम्प्युटरसमोर बसायचंच आहे. तेव्हा आजचं ऐकलेलं उपयोगी पडेल. माझी एक चूक तरी तुमच्याकडून होणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'विंडोज' म्हटलं की मायक्रोसॉफ्टची सिस्टिम डोळ्यांपुढे येते. म्हणून स्क्रीनवरच्या त्या चौकोनांना मी आज सरळ 'खिडकी' म्हणणार आहे. थोडं शाळेच्या पुस्तकासारखं वाटेल, पण गोंधळ होणार नाही.

तर, चूक.

नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं होतं. आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालायचं. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, किती लिटर, किती फॅट, त्याची नोंद होते, हातात पावती पडते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्या सगळ्या नोंदी आमच्या डेटाबेसमध्ये असायच्या.

त्या दुपारी माझ्या चौदा इंची लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडे होते. एक टेस्ट डेटाबेसचं, जिथे काहीही मोडलं तरी चालतं. दुसरं प्रॉडक्शनचं, म्हणजे खऱ्या नोंदींचं. दोन्ही काळे, दोन्ही फुल स्क्रीन, दोन्हीकडे तोच लुकलुकणारा कर्सर. मी ऑल्ट-टॅब करत प्रॉडक्शनमध्ये फक्त बघत होतो आणि टेस्टमध्ये काम करत होतो. दहा-पंधरा वेळा असं झालं. बोटांना सवयच लागली, एकदा ऑल्ट-टॅब दाबलं की पलीकडे, परत दाबलं की अलीकडे.

मध्येच चॅटवर मेसेज आला. मी उत्तर दिलं. परत ऑल्ट-टॅब दाबलं आणि टेबल रिकामं करायची कमांड टाकून एंटर मारलं.

ते प्रॉडक्शन होतं.

पोटात जो गोळा आला ना, तो आजही आठवतो. मी जागेवरून उठलो आणि टीम लीडला जाऊन सांगितलं, "माझ्याकडून चूक झाली आहे, मोठी आहे." ती ओरडली नाही. आधी तिने आदल्या रात्रीचा बॅकअप परत लावायला घेतला. पण बॅकअप रात्रीचा. त्या दिवशी सकाळी १४ केंद्रांवर जमा झालेलं दूध त्यात नव्हतंच. कुणीतरी पहाटे उठून धार काढली, केंद्रावर नेऊन घातली, आणि आमच्या लेखी ते दूध आलंच नव्हतं. ते तसंच राहिलं असतं तर त्या माणसाच्या बिलातून एक वेळचं दूध गायब!

मग आम्ही एकेका केंद्राला फोन केले. एका गावच्या दूध संस्थेचे सचिव मला म्हणाले, "साहेब, घाबरू नका, आपल्याकडे वही आहे." त्यांनी आणि बाकीच्यांनी वह्या आणि पावत्या बघून सकाळच्या सगळ्या नोंदी परत भरल्या. रात्री दहापर्यंत ते काम चाललं. चूक माझी, आणि निस्तरत होते ते.

दुसऱ्या दिवशी आमच्या लीडने मला एकच प्रश्न विचारला, "अरे, ऑल्ट-टॅब दाबल्यावर कुठली खिडकी येणार, हे तुला आधी माहीत असतं का?"

मी म्हणालो, "हो, म्हणजे... बहुतेक."

"बहुतेक म्हणजे नाही," ती म्हणाली.

आता नीट ऐका, कारण आजच्या भागाचा गाभा हा आहे. ऑल्ट-टॅबच्या यादीत खिडक्या एका जागी बसलेल्या नसतात. शेवटी वापरलेली सगळ्यात पुढे, त्याआधीची तिच्यामागे, अशी ती यादी सतत बदलते. म्हणजे तुम्ही तीच बटणं दाबता, पण दर वेळी तीच खिडकी येईल असं नाही. मी चॅटवर जाण्याआधी शेवटचा प्रॉडक्शनमध्ये होतो. त्यामुळे चॅटवरून ऑल्ट-टॅब केल्यावर प्रॉडक्शनच आलं. कॉम्प्युटर बरोबर वागला. मीच मनात वेगळा हिशोब धरून बसलो होतो. फोनवरही हेच होतं बघा, रीसेंट ॲप्सची रांग दर वेळी बदलते. फोनवर त्याने फार बिघडत नाही, कारण आपण बघून बोट लावतो. कीबोर्डवर आपण न बघता दाबतो.

आता आईचा मिसळणाचा डबा आठवा. मोहरी, जिरं, हळद, तिखट. प्रत्येकाची वाटी ठरलेली. फोडणी तडतडत असताना आई डब्यात बघतही नाही, हात बरोबर जातो. समजा शेवटी वापरलेली वाटी दर वेळी आपोआप पुढे सरकली असती तर? दुसऱ्याच दिवशी आमटीत काहीतरी भलतंच पडलं असतं. आपण लॅपटॉपवर रोज तसल्या सरकत्या वाट्यांच्या डब्यातून स्वयंपाक करतो.

म्हणून उपाय सोपा आहे. प्रत्येक खिडकीला पत्ता द्या. म्हणजे अशी जागा, जी आपोआप बदलत नाही.

सुरुवात विंडोजपासून, कारण लॅबमध्ये बहुतेक तेच असतं आणि यातलं काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

पहिला शॉर्टकट, विंडोज की आणि डावा ॲरो. खिडकी अर्धी होऊन डावीकडे चिकटते. उजवा ॲरो दाबला तर उजवीकडे. लगेच वरचा ॲरो दाबला तर पाव स्क्रीनवर जाते. खिडकी अर्धी करायची सोय २००९च्या विंडोज ७ पासून आहे, तरी कितीतरी जण अजून माउसने कोपरे ओढत बसतात. डावीकडे पीडीएफ, उजवीकडे असाइनमेंट, एवढं केलंत तरी अर्धं ऑल्ट-टॅब वाचतं. विंडोज ११ मध्ये विंडोज की आणि झेड दाबून बघा, मांडणीचे तयार नमुने समोर येतात.

दुसरा शॉर्टकट माझा आवडता आहे. विंडोज की आणि आकडा. टास्कबारवर डावीकडून पहिलं पिन केलेलं ॲप १, दुसरं २, असे नऊपर्यंत. ब्राउझर पहिला पिन केलात की विंडोज की आणि १ म्हणजे कायम ब्राउझर. आधी कुठेही असा, यादी कशीही असो. ॲप बंद असेल तर उघडतं. एकाच ॲपच्या चार खिडक्या असतील तर विंडोज की धरून तोच आकडा परत परत दाबायचा. पण तिथे जपून हं, त्या चौघींत परत निवडानिवड आलीच. माझी दोन टर्मिनलं एकाच ॲपची होती हे विसरू नका.

म्हणून तिसरा, व्हर्च्युअल डेस्कटॉप. विंडोज की, कंट्रोल आणि डी दाबलं की नवा कोरा डेस्कटॉप मिळतो. विंडोज की, कंट्रोल आणि डावा-उजवा ॲरो दाबून या डेस्कटॉपवरून त्या डेस्कटॉपवर जायचं. एकावर अभ्यास, दुसऱ्यावर चॅट आणि गाणी. विंडोजमध्ये ही सोय २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आली.

आणखी हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं फुकट टूल आहे. त्यात फॅन्सीझोन्स आहे. स्क्रीनचे हवे तसे भाग आखायचे, शिफ्ट धरून खिडकी ओढायची, ती त्या भागात जाऊन बसते. एक सेटिंग चालू केलं की ॲप पुढच्या वेळी उघडल्यावर आपल्या जुन्या भागातच जातं. ठरलेली वाटी!

मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे २०२४ च्या सिकोयापासून हे आलंय. एफएन, कंट्रोल आणि डावा किंवा उजवा ॲरो. जुना मॅक असेल तर रेक्टँगल हे फुकट ॲप घ्या, त्यात कंट्रोल, ऑप्शन आणि ॲरो. पण त्याआधी एक काम करा. मिशन कंट्रोलच्या सेटिंगमध्ये शेवटच्या वापरानुसार स्पेसेसचा क्रम आपोआप बदलायचा पर्याय मुळात चालू असतो. तो बंद करा. नाहीतर तुम्ही डेस्कटॉप लावणार आणि मॅक त्यांची रांग बदलत बसणार.

आता टायलिंगबद्दल. टाइल म्हणजे फरशी. एकीवर दुसरी फरशी कुणी बसवत नाही, शेजारी बसवतात. टायलिंग म्हणजे खिडक्या तशा शेजारी-शेजारी, एकीखाली दुसरी लपायची नाही. गंमत म्हणजे हे काही नवीन नाही. १९८५ चं पहिलं विंडोज १.० असंच होतं, त्यात ॲपच्या खिडक्या एकमेकींवर येतच नसत. एकमेकींवर चढायला लागल्या त्या विंडोज २.० पासून, १९८७ मध्ये.

लिनक्सवर यासाठी खास विंडो मॅनेजर आहेत. मी वापरतो तो आय-थ्री, २००९ पासूनचा. नवीन खिडकी उघडली की बाकीच्या आपोआप सरकून तिला जागा देतात. आणि वर्कस्पेसना आकडे असतात. मॉड की आणि ३ म्हणजे तिसरा वर्कस्पेस, कधीही, कुठूनही. मॉड, शिफ्ट आणि ३ दाबलं तर समोरची खिडकीच तिकडे जाते. मॉड की विंडोज की ठेवायची की ऑल्ट, हे पहिल्यांदा सुरू करतानाच विचारलं जातं.

माझे पत्ते सांगतो. १ ब्राउझर, २ कोड, ३ टेस्टचं टर्मिनल, ४ चॅट. आणि प्रॉडक्शन ९ वर. मुद्दाम लांब ठेवलंय, सहज बोट जाणार नाही असं. शिवाय त्या टर्मिनलची पार्श्वभूमी गडद लाल केली आहे. तिथे गेलो की स्क्रीनच ओरडते.

आता खरं बोलायचं तर पहिला आठवडा वाईट गेला. आय-थ्रीमध्ये नेहमीचा स्टार्ट मेन्यू नाही, वायफाय कुठून जोडायचं हेच मला कळेना. मीटिंगमध्ये सगळे वाट बघत असताना मी चुकीची बटणं दाबत होतो. आणि हे सगळ्यांना सोयीचं असतं असंही नाही. फोटो किंवा व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना स्क्रीनभर एकच मोठी खिडकी लागते. चौदा इंचावर चार खिडक्या लावल्या तर अक्षरं वाचवत नाहीत. मी एका वर्कस्पेसवर दोन, फार तर तीन ठेवतो. आणि आय-थ्री नाही लावलं तरी काही अडत नाही, विंडोज की आणि आकडा एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आणखी एक. शॉर्टकटने माझी चूक सुटली, असं मी म्हणणार नाही. खरा उपाय ऑफिसने केला. प्रॉडक्शनमध्ये लिहायची परवानगी आमच्याकडून काढून घेतली आणि बॅकअप दर तासाला घ्यायला लागले. ते आधीच असायला हवं होतं. पण तुमच्या लॅपटॉपवर तुमच्यामागे लीड नसते. चुकीच्या ग्रुपवर मेसेज टाकणं, प्रोजेक्टची जुनी फाइल सबमिट करणं, फॉर्म भरताना भलत्याच टॅबवर पैसे भरणं, हे सगळं "मला वाटलं ती खिडकी समोर आहे" यातूनच होतं ना?

लोक शॉर्टकट शिकवताना म्हणतात, रोजची इतकी मिनिटं वाचतील. वाचत असतील, मी कधी मोजली नाहीत. मला मिळालं ते वेगळं आहे. एंटर दाबताना आता मला माहीत असतं की मी कुठे आहे.

तर या आठवड्याचा गृहपाठ. दहा शॉर्टकट पाठ करू नका, दोन दिवसांत विसराल. फक्त टास्कबारवरची पहिली चार ॲप्स ठरवा, त्याच क्रमाने पिन करा आणि आठवडाभर तो क्रम हलवू नका. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर लॅबमध्ये अर्धी-अर्धी खिडकी करून बघा. ऑल्ट-टॅबकडे बोट गेलं की थांबा आणि आकडा दाबा. तुमचे चार पत्ते कुठले ते मला मेसेज करून कळवा, पुढच्या भागात काही वाचून दाखवीन.

आणि ते सचिव काका अजून तिथेच आहेत. मध्ये एकदा कामासाठी फोन झाला, तेव्हा मी विचारलं, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, वही बंद केली का? म्हणाले, "छे हो, तुम्ही आहात ना अजून!"

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.