रुळाशेजारची जागा कोणाची?



परभणीच्या सभेंत आज आम्ही पुण्याची हकीकत सांगणार आहों. पुण्याशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. आपल्या जिल्ह्यांतील गांवोगांवचीं पोरें तेथें मजुरीला, नोकरीला व शिकायला जातात; आणि जें पुण्यांत मोठ्या मापानें घडतें तें लहान मापानें आपल्याकडे येतेंच. परभणीचें स्टेशनहि अमृत भारत योजनेंत आहे. स्टेशन सुधारलें कीं स्टेशनाच्या रस्त्यावरच्या जागेचा भाव बदलतो, हें सांगायला पंडित लागत नाहीं.

पुण्याच्या मेट्रोचें भूमिपूजन 24 डिसेंबर 2016 रोजीं झालें. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी तुकडा 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला. त्यांत कसबा पेठ व मंडई हीं दोन स्थानकें ऐन जुन्या गांवाच्या पोटांत आहेत. गाडी चांगली आहे. स्वारगेटला उतरलेला माणूस थोड्या मिनिटांत मंडईंत पोंचतो. तिला नांवें ठेवण्याचें आम्हांला कारण नाहीं. आमचा प्रश्न जमिनीखालच्या गाडीविषयीं नाहीं, वरच्या घराविषयीं आहे.

मंडईचें नांव निघालें म्हणून एक जुनी गोष्ट. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळांत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालूं नये, तो शिक्षणाकडे लावावा, असें त्यांनीं सांगितलें. त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. इमारत उभी राहिली, 1886 त उघडली आणि तिला गव्हर्नर रे साहेबांचें नांव पडलें. पुढें कालांतरानें तिलाच महात्मा फुले मंडई म्हणूं लागले, आणि आज तिच्याजवळ मेट्रो थांबते. नांव देणें सोपें असतें. गांवचा पैसा कोणाच्या कामीं येतो हा जोतीरावांचा सवाल मात्र तेथेंच उभा आहे.

आतां नियम ऐका. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आंत नेहमीपेक्षां जास्त मजले बांधतां येतात. जमिनीच्या किती पट बांधकाम करावें याचें जें माप, त्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. तें येथें 4 पर्यंत जातें. परंतु सर्वांना 4 मिळत नाहीं. रस्ता जितका रुंद व तुकडा जितका मोठा तितकें माप वाढतें, आणि वाढीव मापासाठीं अधिमूल्य भरावें लागतें. आतां कसब्यांतली तांबट आळी डोळ्यांपुढें आणा. पेशवाईपासून तांब्याचीं भांडीं ठोकणारीं घरें, अरुंद बोळ, दोन-तीन खणांची जागा. त्या एकट्या घराला या नियमाचा लाभ फार थोडा. लाभ त्याचा, जो दहा घरें गोळा करून एक मोठा तुकडा करील. म्हणजे भांडवलवाल्याचा. शिवाय शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकाभोंवतीं 100 मीटरपर्यंत नवें बांधकाम मना आणि त्यापुढें 200 मीटरपर्यंत परवानगीवांचून होत नाहीं. तेव्हां कांहीं जुने वाडे दुरुस्तीवांचून खचत राहतात आणि पलीकडच्या चौकांत मनोरे उठतात. एकाच पेठेंत दोन न्याय!

हें झालें घरमालकाचें. भाडेकरूचें काय? जुन्या पेठांत कारागीर बहुधा भाड्याच्या जागेंत राहतो. त्याची भट्टी, ऐरण, गिऱ्हाईक सारें त्या आळींत. त्याला शहराबाहेर मोठी खोली दिली तरी गिऱ्हाईक तेथें जात नाहीं. म्हणून त्याच ठिकाणीं जागा मिळणें हाच खरा मोबदला. तसें होऊं शकतें. मुंबईंत गिरगांव-काळबादेवीच्या जुन्या चाळी भुयारी मेट्रोसाठीं पाडल्या, तेव्हां लोकांनीं हट्ट धरला आणि त्याच भागांत नव्या इमारतींत घरें देण्याचें मेट्रोला कबूल करावें लागलें. कसब्यांतहि रहिवासी विरोधाला उभे राहिले म्हणून स्थानकाची जागा सरकवली गेली. जे एकजुटीनें बोलले त्यांचें कांहीं तरी ऐकलें गेलें.

सरकार जमीन संपादन करतें तेव्हां 2013 चा भूसंपादन कायदा पाहावा. त्यांत बाधित कुटुंब म्हणजे केवळ मालक नव्हे. ज्याची स्वतःची जमीन नाहीं असा कूळ, बटईदार, शेतमजूर आणि कारागीरहि, त्या जागेवर तीन वर्षें पोट भरीत असेल तर, त्यांत येतो. कारागीर हा शब्द कायद्यांत आहे, तो आम्हीं घातलेला नाहीं. पण बिल्डरनें मालकाशीं परस्पर सौदा केला तर हा कायदा तेथें पोंचत नाहीं. तेथें भाडे नियंत्रण कायदा, 1999, कामास येतो. भाडें घेतल्यावर लेखी पावती देणें मालकावर बंधनकारक आहे. किती जणांकडे पावती आहे? “मालक आपलाच माणूस आहे” म्हणून वडिलांपासून तोंडी व्यवहार चालतो. मग मालकाचा मुलगा विकायला काढतो आणि आपण त्या घराचे कोणीच नव्हतों असें ठरतें. जालना-नांदेड द्रुतगती महामार्गाच्या संपादनाच्या गोष्टी जिल्ह्यांत घरोघरीं झाल्या. मोबदला सातबाऱ्यावरच्या नांवाला, हें शेतकऱ्याला शिकवायला नको. शहरांत सातबाऱ्याच्या जागीं मिळकत पत्रिका असते, इतकेंच.

पाटीवालीसाठीं 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रें मिळेपर्यंत कोणाला उठवतां येत नाहीं. पुढेंहि हलवायचें तर 30 दिवसांची नोटीस लागते. ज्या बाजारांत 50 वर्षांवर विक्री चालली आहे तो वारसा बाजार ठरवून तेथील विक्रेत्यांना हलवूं नये असें त्यांत लिहिलें आहे. नगर पथविक्रेता समितींत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनीं निवडलेले असावे लागतात, आणि त्यांत तिसरा हिस्सा बायकांचा. परभणीला 2011 पासून महानगरपालिका आहे. शनिवार बाजारांत, गांधी पार्काजवळ ज्या बाया बसतात त्यांनीं विचारावें कीं आमची समिती कोठें आहे आणि तिच्यांत आमच्यापैकीं कोण आहे.

तेव्हां काम असें. भाडेकरूंनीं चालू महिन्याची पावती लेखी मागावी; मालक देत नसेल तर भाडें बँकेतून किंवा मनीऑर्डरीनें पाठवून पोंच ठेवावी. ज्यांचें स्वतःचें घर आहे त्यांनीं मिळकत पत्रिकेवर आजोबांचेंच नांव राहिलें असेल तर वारसनोंद करून घ्यावी, आणि बिल्डर येण्याआधीं शेजारच्या दहा घरांशीं बोलावें. एकटा विकील त्याला बिल्डर सांगेल तो भाव, दहा मिळून संस्था करतील त्यांना स्वतःच्या अटी घालतां येतात. विक्रेत्या बायांनीं जुन्या बाजारपावत्या जपून ठेवाव्या.

ज्यांना अर्ज लिहितां येत नाहीं त्यांनीं सभा संपल्यावर येथेंच थांबावें. कागद व शाई आम्हीं आणली आहे. बसून लिहून देऊं.