उशीर कोणाचा?
(सुरगाणा येथील युवक शिबिरात केलेले भाषण)



सुरगाण्यात उभं राहून जमिनीवर बोलायची माझी लायकी नाही. इथली माणसं 2018 च्या मार्चमध्ये वनजमिनीचा हक्क मागत नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेली. मी शहरातल्या वस्तीतून आलोय. सातबाऱ्यावरच्या दोनच शब्दांवर बोलतो : आकारी पड.

हे शब्द माझ्या आज्याच्या जमिनीवर आहेत. सारा थकला तेव्हा आजा पोटासाठी मुंबईत होता. मागं गावात दवंडी झाली, ती आमच्या वस्तीपर्यंत आलीच नाही. जमीन लिलावात निघाली. बोली लावायला कुणी आलं नाही, म्हणून सरकारनेच नाममात्र बोलीवर घेतली. पुढं बापाने मजुरीतून पैसे साठवून कचेरीत नेले. साहेब म्हणाला, ‘बारा वर्षं उलटली. उशीर झाला.’

कायदा तसाच होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 220. बारा वर्षांच्या आत थकबाकी दंडव्याजासह भरली तर जमीन परत, नाहीतर कायमची सरकारजमा. आज्याचे दिवस सरकारने मोजले. दवंडी कुठवर गेली, ते कुणी मोजलं?

2 जानेवारी 2025 रोजी मंत्रिमंडळाने ठरवलं, की बारा वर्षं उलटलेल्या जमिनीही मूळ खातेदाराला किंवा वारसाला द्यायच्या. सरकारचा आकडा : 963 खातेदार, 4,849 एकर. चांगलं झालं. पण किंमत बघा. रेडीरेकनरच्या चालू दराच्या 5 टक्के! घेताना नाममात्र बोली आणि देताना आजचा भाव. थकला होता सारा, भाव नव्हे. वर अट, दहा वर्षं विकायची नाही.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. वतनाच्या जमिनींवर वाढवलेल्या कराविरुद्ध 1941 साली याच जिल्ह्यात, सिन्नरला, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली, तेव्हाही जमीन नावावर करायला मुदतीत रक्कम भरायची होती. ज्याच्या हातात कधी रोकड पडत नाही, त्यालाच दर वेळी मुदत! पैसेवाल्याचा उशीर तडजोडीत मिटतो, आपल्या उशिरात जमीन जाते.

म्हणून घोषणा पुरे. घरी जा. आज्या-पणज्याच्या नावाचे जुने सातबारे, फेरफार काढा. ‘आकारी पड’ दिसलं तर वारसाचे कागद जमवा, तहसीलला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी उत्तर ऐकून माघारी फिरू नका, माझा बाप तसाच फिरला होता. आणि सगळ्यांनी मिळून एकच मागा : थकलेला सारा घ्या, जमीन द्या.

बाप पैसे रुमालात बांधून घेऊन गेला होता. त्या दिवशी ते घेतले असते, तर आज मला हे बोलावं लागलं नसतं.

जय भीम! जय आदिवासी!