पुलीवरची खूण

कविता लिहिणाऱ्या माणसानं इंजिनावर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण इस्लामपुरात माझ्या मामूंचं गॅरेज होतं आणि बी.ए.ची निम्मी पुस्तकं मी तिथल्या बाकड्यावर बसून वाचली. कानावर पडायचं ते मात्र वेगळंच.

ठिणगी पडली की इंजिनात लगेच स्फोट होतो, असा आपला समज असतो. तसं नसतं. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पुरतं जळायला थोडा वेळ लागतो. मिनिटाला ३००० फेरे घेणारं इंजिन सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरून जातं. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. किती आधी, ते अंशांत मोजतात. मिस्त्री याला 'अ‍ॅडव्हान्स' म्हणतात. मला 'आगाऊपणा' हा शब्द जास्त आवडतो. इंजिन सावकाश चालत असताना जो आगाऊपणा लावून ठेवतात, तो बेस टायमिंग. वेग वाढला की पुढचा हिशेब डिस्ट्रिब्युटरमधली वजनं करतात. पाया कमी पडला तर गाडी ओढत नाही, तापते. जास्त झाला तर हँडल उलटं मारतं आणि चढावर इंजिन खडखडतं. ही खडखड पिस्टनचा जीव घेते.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. एका निवृत्त सरांची प्रीमियर पद्मिनी होती, १०८९ सीसीची. हेड घासून घेतल्यामुळे कॉम्प्रेशन वाढलेलं. पुढची पुली मोडली म्हणून दुसऱ्याच इंजिनाची बसवलेली. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर गाडी खडखडायची. दुसऱ्या एका गॅरेजात टायमिंगचा दिवा लावून पुलीवरची खाच अगदी रेघेवर आणून दिली होती. महिन्याभरात एका पिस्टनला भोक पडलं. निवृत्तीच्या पैशातून नवा पिस्टन घातल्यावर सर मामूंकडे आले. पुन्हा तसं झालं तर गाडी विकावी लागणार होती.

मामू त्यांना म्हणाले, "सर, खाच बरोबर आहे हो, पण ती ह्या इंजिनाची नाही." आणि माझ्याकडं वळून, "निशान कू नक्को पूछ, पिस्टन कू पूछ."

मग त्यांनी बॅटरीची वायर काढली, चारही प्लग काढले. एका जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून त्यात बोल्ट बसवला आणि तो एक नंबरच्या भोकात घट्ट केला. इंजिन हातानं, हलकेच फिरवलं. पिस्टन बोल्टला टेकला, तिथं काट्यासमोर पुलीवर खूण केली. मग उलटं फिरवलं. दुसऱ्या बाजूनं टेकला, तिथं दुसरी खूण. या दोन खुणांच्या बरोबर मधोमध पिस्टनचं खरं वरचं टोक. इथं स्टार्टर मारायचा नाही, नाहीतर पिस्टनच फुटायचा.

पुलीभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजला, ४३२ मिलिमीटर भरला. म्हणजे १० अंशांना १२ मिलिमीटर. खरी खूण आणि खाच यांच्यात ९ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे साडेसात अंश. दिव्याखाली टायमिंग पुस्तकाबरहुकूम दिसत होतं आणि ठिणगी साडेसात अंश आधी पडत होती. शिवाय घासलेल्या हेडात मिश्रण लवकर जळतं, त्याला आगाऊपणा उलट कमीच लागतो.

मामूंनी पांढऱ्या रंगानं नवी खूण केली. आधी पॉइंटची गॅप लावली, कारण गॅप बदलली की टायमिंग सरकतं. इंजिन सावकाश चालत ठेवलं, व्हॅक्युमची नळी असलीच तर तीही काढून बंद करायची. मग डिस्ट्रिब्युटर बोटानं टिचक्या मारत फिरवला. तो क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे त्याचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. शेवटी पेठ नाक्यापर्यंत गाडी पळवून, कान लावून, अजून दोन अंश मागं घेतलं.

कानावर टायमिंग लावणारे उस्ताद पुष्कळ. मामूंचा कानही तयार होता, पण तो मोजून झाल्यावरच वापरायचा, असा त्यांचा दंडक. मला हे पटतं. मात्रा चुकली तर कान लगेच सांगतो. पण भरधाव गाडीत वाऱ्याच्या आवाजात खडखड ऐकूच येत नाही.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. आता इंजिनाला डिस्ट्रिब्युटर नाही. दातेरी चाक, सेन्सर आणि संगणक. पण हौशी मुलं इंजिन बदलून वेगळा संगणक बसवतात, तेव्हा पडद्यावरचे १० अंश म्हणजे पुन्हा एक खूणच असते. जाणकार मुलगा आधी टायमिंग १० अंशांवर बांधून ठेवतो, दिवा पुलीवर धरतो, आणि दोन्ही जुळेपर्यंत संगणकातला फरक दुरुस्त करतो. मग ३००० फेऱ्यांवर नेऊन खूण सरकते का ते पाहतो. आणि पुलीवरची ती खूण त्यानं स्वतः, एक नंबरच्या भोकात बोल्ट घालून काढलेली असते.