संगणकातील संगणक आणि मराठीचे जुने दप्तर



स्मृतिव्याख्यानाचा विषय स्मृतीच असावा, हे उचितच होय. आज मी संगणकात साठलेल्या मराठीच्या स्मृतीविषयी बोलणार आहे.

मोडीचे दप्तर कपाटात शाबूत राहिले, पण ते वाचणारे विरळ झाले. जी गोष्ट तेथे दोन-तीन पिढ्यांत घडली, ती संगणकाच्या बाबतीत एकाच पिढीत घडत आहे. १९९० च्या दशकात आपल्या स्मरणिका, प्रबंध, लेखसंग्रह संगणकावर जुळू लागले. त्या काळी बहुतेक अक्षरसंचांची संकेतपद्धती आपापली होती. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. परंतु ती रुजण्यास पुढे बरीच वर्षे लागली. तेव्हाची फाइल आज उघडली, तर बहुधा रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. ती नीट दाखवणारी आज्ञावली विंडोज ९८ सारख्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेली असते, आणि ती सिस्टिम नव्या यंत्रावर सहसा चालत नाही.

येथे ‘आभासी यंत्र’ साहाय्यास येते. चालू संगणकावर एक विशेष आज्ञावली बसवली की ती त्याच्या स्मृतीचा काही भाग घेऊन दुसऱ्या सबंध संगणकाचा आभास उभा करते. त्यात बसवलेली जुनी सिस्टिम आपण स्वतःच्याच यंत्रावर आहोत, अशा समजुतीने वागते. तिला जी तबकडी भासते, ती यजमान सिस्टिमच्या लेखी केवळ एक फाइल असते. वेदान्ती याला माया म्हणतील. पण ही माया मोठी व्यवहारी आहे.

कल्पना जुनीच आहे. एक महागडे यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता यावे, म्हणून आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज केंद्रात १९६० च्या दशकात ती साकारली. १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ आले. १९९९ साली व्हीएमवेअरने ती टेबलावरच्या संगणकापर्यंत आणली.

मात्र पाहुणी सिस्टिम वृद्ध आहे. विंडोज ९८ ची सुरक्षाविषयक डागडुजी २००६ साली थांबली. म्हणून तिला इंटरनेटपासून दूर ठेवावे. मग थेट युनिकोडमध्ये रूपांतर का करू नये? अवश्य करावे. परंतु रूपांतरात रफार, वेलांट्या, जोडाक्षरे ढळतात, आणि चूक ओळखण्यास मूळ पान जसेच्या तसे समोर असावे लागते. छापील प्रत उरली नसेल, तर ते पान आभासी यंत्रातच पाहावयास मिळते. पाठचिकित्सेचा हा जुनाच नियम आहे : नक्कल मूळ प्रतीशी ताडल्यावाचून प्रमाण मानू नये.

आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी संगणकक्षेत्रात आहेत. घरच्या, संस्थेच्या कपाटांतील फ्लॉपी आणि सीडी त्यांनी प्रथम बाहेर काढाव्यात. फ्लॉपीवरील चुंबकीय लेप झिजतो. तो गेल्यावर कोणतेही आभासी यंत्र ती अक्षरे परत आणू शकणार नाही.