पाठीवरची शिदोरी

आमच्या देपालपूरची मुले जानापावच्या डोंगरावर दोन दिवसांच्या पदभ्रमणास निघावयाची झाली, की घरोघरी डबे भरू लागतात. आईच्या मायेचे ते ओझे अखेर मुलाच्या खांद्यांवर पडते. चढणीवर दमलेले मूल जेवणही नको म्हणते, आणि शेवटचा टप्पा उपाशीपोटी चालते. धोका असतो तो इथेच.

शंभर ग्रॅम शिजल्या भातात सुमारे 70 ग्रॅम पाणीच असते. म्हणून शिधा कोरडा बांधावा. नर्मदेच्या परिक्रमावासीयांना सदावर्तात मिळतो तोही पीठ, डाळ, मीठ असा कोरडाच.

एका मुलास एका दिवसासाठी पोहे 150 ग्रॅम, हरभऱ्याचे सातू 150, शेंगदाणे 100 आणि गूळ 100 ग्रॅम द्यावा. या अर्ध्या किलोत सुमारे 2,000 उष्मांक व 60 ग्रॅम प्रथिने मिळतात. पोहे भिजवावेत, सातू गुळाच्या पाण्यात कालवावे; चूल लागत नाही. पाणी मात्र स्वच्छ व भरपूर हवे. दुधात भिजवलेल्या दशम्या पहिल्याच दिवशी संपवाव्यात.

भुकेची वाट पाहू नये. दोन-दोन तासांनी मूठभर खावे. वाट चुकल्यास उपयोगी पडावेत म्हणून थोडे दाणे व गूळ निराळे बांधून ठेवावेत.

या शिदोरीतील एकही जिन्नस गावच्या वाण्याकडे न मिळणारा नाही. मजुराचे मूल आणि सावकाराचे मूल डोंगरावर एकच घास खाईल, हाही लाभ थोडा नव्हे.