खाट उचलणारे चौघे
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



देवळाची बांधणी, शाळेची वाढ आणि पूर्वजांचे कष्ट यांविषयी आजच्या मंगल प्रसंगी पुष्कळ बोलले गेले, व ते उचितच होय. आम्हांस मात्र ज्या घरांची दारे या उत्सवाच्या दिवसांतही अर्धी मिटलेली आहेत, त्यांविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. त्या घरांत कोणाचा मुलगा, कोणाची बहीण, कोणाचा पती मनाच्या विकाराने आजारी आहे. शेजारी ज्वराने पडला तर आपण पेज घेऊन जातो. पण मन आजारी पडले की आपण वाट बदलतो. असे का व्हावे, याचा विचार या महोत्सवात नाही करावयाचा, तर केव्हा?

संत मार्काच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाचे आपणांस स्मरण असेलच. कफर्णहूम गावी एका पक्षाघाती मनुष्यास चौघांनी खाटेवरून आणिले. दारात गर्दी होती, म्हणून छप्पर उकलून त्यांनी त्यास प्रभूपुढे खाली सोडिले. शुभवर्तमानकार सांगतो, की प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. केवळ रोग्याचा नव्हे, तर ज्यांनी त्यास वाहून आणिले त्यांचाही. खाटेला चार टोके असतात व ती उचलावयास चौघे लागतात. परंतु मनोरुग्णाच्या घरी ती चारही टोके बहुधा एकटी आईच धरून असते. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे, की उरलेली तीन टोके धरणे हे धर्मग्रामाचे कर्तव्य होय.

कोणी म्हणेल, असा आजार पापी वा अश्रद्ध घरांत येतो. त्यांनी आपल्या लाडक्या संत तेरेजाच्या घराकडे पाहावे. तिचे वडील लुई मार्टिन हे घड्याळाचे कारागीर, अत्यंत भाविक. पत्नी झेली 1877 साली कर्करोगाने वारली, तेव्हा पदरी पाच मुली होत्या. तेरेजा एप्रिल 1888 मध्ये कार्मेल मठात गेली, आणि त्याच वर्षी जून महिन्यात लुई घरात कोणास न सांगता निघून गेले. काही दिवसांनी ते ल हाव्र या बंदराच्या गावी सापडले. पुढे भ्रम वाढला, आणि 12 फेब्रुवारी 1889 रोजी त्यांस कां येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते. मुली मठात गेल्यामुळेच बापाचे चित्त फिरले, अशी कुजबुज गावात झाली. ती तेरेजाच्या कानी जात असे, आणि बापास भेटावयास जाणे मठाच्या नियमामुळे तिला शक्य नव्हते.

या कुटुंबाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. सेलिन व लेओनी या दोघी बहिणी बापाजवळ असावे म्हणून काही महिने कां येथेच जाऊन राहिल्या. मामा इसिदोर गेरें यांनी भाच्यांचा भार आपला मानिला. 1892 साली वडील घरी परतले. तेव्हा त्यांचे पाय चालत नव्हते. 29 जुलै 1894 रोजी त्यांनी देह ठेवीपर्यंत सेलिनने त्यांची शुश्रूषा केली, आणि ते गेल्यावरच ती मठात प्रविष्ट झाली. याच लुई मार्टिन यांस 18 ऑक्टोबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी पत्नीसह संतपदी घोषित केले. मनाचा आजार हा पवित्रतेच्या आड येत नाही, हे याहून अधिक स्पष्टपणे कसे सांगावे?

आता खाटेच्या एकेका टोकाविषयी बोलू.

पहिले टोक उपचाराचे. मुलाच्या कानी नसलेले आवाज येऊ लागले, झोप उडाली, तो संशयाने कोपऱ्यात बसू लागला, की अजूनही कित्येक घरी प्रथम भूतबाधेची शंका निघते, आणि औषधाचे मोलाचे महिने वाया जातात. ख्रिस्तसभेची शिकवण येथे निःसंदिग्ध आहे. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटले आहे, की मनाचा आजार ही निराळी बाब असून त्यावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम होय. प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थनेसाठी गोळी थांबवू नये. बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने अकस्मात सोडणे, हे आजार उलटण्याचे एक मोठे कारण आहे. रोग्याच्या भ्रमास होकार देऊ नये, आणि त्याच्याशी वादही घालू नये; “तुला भीती वाटते आहे, मी जवळ आहे,” एवढे म्हणणे पुरे होते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा चालू असून, 14416 या क्रमांकावर रोग्याप्रमाणेच त्याच्या घरच्यांसही विनामूल्य सल्ला मिळतो.

दुसरे टोक सोबतीचे. लंडन येथे जॉर्ज ब्राऊन व त्यांचे सहकारी यांनी गेल्या शतकाच्या मध्यास असे पाहिले, की रुग्णालयातून परतलेला रोगी ज्या घरी सतत टोमणे, राग किंवा अतिकाळजी असते, तेथे पुनः लवकर आजारी पडतो. हे ऐकून कोणा आईने स्वतःस दोष देऊ नये. ज्या बाईस रात्रीची झोप नाही, मिस्सेला जाण्यास उसंत नाही, तिने सदा शांत राहावे कसे? तिचा आवाज चढू नये असे वाटत असेल, तर तिला विसावा दिला पाहिजे. आठवड्यातून दोन तास कोणी तिच्या घरी जाऊन बसावे, म्हणजे ती देवळात येईल, बाजारास जाईल, किंवा नुसती निजेल. हे दोन तास मोठ्या देणगीहून कमी नव्हेत.

तिसरे टोक जिभेचे. ‘वेडा’ हा शब्द आपल्या तोंडून किती सहज जातो! सोयरीक जुळविताना त्या घराकडे बोट दाखविले जाते, आणि निरोगी भावंडांचेही आयुष्य अडते. एखाद्याने आजाराच्या भरात स्वतःचा जीव घेतला, तर आपली कुजबुज थडग्यापर्यंत जाते. वस्तुतः तोच धर्मशिक्षणग्रंथ सांगतो, की मनाच्या गंभीर विकाराने मनुष्याची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करिते. जिचे आई म्हणून काळीज फाटले आहे, तिला ख्रिस्तसभेहून कठोर निवाडा आपण का ऐकवावा?

चौथे टोक उद्याचे. “आमच्या मागे याचे कोण?” हा प्रश्न वृद्ध आईबाप आमच्यापाशी हळूच विचारतात. याचे संपूर्ण उत्तर कोणाजवळ नाही. परंतु काही साधने आहेत, ती ठाऊक असावीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असून, त्यान्वये प्रमाणपत्र मिळू शकते. 2018 साली अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्यास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपल्या वतीने निर्णय घेण्यास साह्य करणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क रोग्यास दिला आहे. आणि आरोग्यविम्यात मनाच्या व शरीराच्या आजारांस सारखे लेखावे, असे बजाविले आहे. आपल्या धर्मग्रामातील वकील व बँकेतील बंधूंनी महिन्यातून एक सायंकाळ दिली, तर ही कागदपत्रे कित्येक घरांची पुरी होतील.

हे होण्यासारखे आहे काय, अशी शंका कोणास येईल. बेल्जियम देशात गील नावाचे एक गाव आहे. तेथे संत डिम्फ्ना हिच्या देवळाकडे मनोरुग्ण यात्रेकरू येत. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांस आपापल्या घरी ठेवून घेतले. मध्ययुगापासूनची ही चाल आजही चालू आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथील घरांत साडेतीन हजारांहून अधिक रोगी राहत होते. आता संख्या पुष्कळ घटली आहे, तरी चाल मोडलेली नाही. 2023 साली युनेस्कोने तिची जतन करण्याजोग्या आदर्श परंपरांत नोंद केली. ते लोक वैद्य नव्हते, शेतकरी होते. रोग्यास त्यांनी ताटात वाढले, शेतात बरोबर नेले, आणि आपल्या मुलांत वागविले. त्यांनी परक्यांसाठी जे केले, ते आपण आपल्याच वाड्यातील माणसांसाठी करू नये काय?

म्हणून या सुवर्णमहोत्सवाची खूण म्हणून आम्ही एकच मागणे मागतो. प्रत्येक वाड्यातून दोघे तरी पुढे यावेत, आणि फादरांच्या अनुमतीने अशा कुटुंबांची महिन्यातून एक बैठक भरावी. तेथे उपदेश नको. चहा असावा, ऐकणारे कान असावेत, आणि तेथील गोष्ट बाहेर जाऊ नये. रोग्यांसही देवळात पुढच्या बाकावर जागा असावी. कोणी मध्येच उठून बोलला, तर मागे वळून पाहू नये.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी या देवळाचे छप्पर घातले. आता गरज पडल्यास ते उकलण्याचीही आपली तयारी असावी, म्हणजे दाराशी अडलेली खाट प्रभूपर्यंत पोहोचेल. दुःखितांची सांत्वनकर्ती पवित्र मरिया आपणांस त्यासाठी बळ देवो. आमेन.